मठाच्या दाराशी

काही वर्षांपूर्वी बेळगाव तालुक्यातील एका खेड्याचे निवृत्त सुभेदार आमच्या कचेरीत आले होते. १९७१ च्या युद्धात त्यांनी प्रत्यक्ष आघाडीवर काम केले होते. पत्नी निवर्तली होती, मूलबाळ नव्हते. गावची जमीन एका मठास अर्पण करावी आणि उरलेले दिवस, स्वामींची अनुज्ञा मिळाल्यास रीतसर दीक्षा घेऊन, त्याच मठात काढावेत असा त्यांचा संकल्प होता. आमच्याकडे काम होते ते केवळ दानपत्राचे. मसुदा वाचून दाखविला, चतुःसीमा तपासल्या, मुद्रांकाचा खर्च सांगितला. तरी सुभेदार उठेनात. शेवटी टोपी मांडीवर ठेवून त्यांनी विचारले,

"वकीलसाहेब, संन्यास घेतला की माणूस कायद्यानं मेला असं म्हणतात. खरं आहे का?"

"खरं आहे, सुभेदारसाहेब. विधी रीतसर झाले असले तर."

"मग त्यानं आधी जे केलेलं असतं, ते कुठं जातं?"

आम्हांस वाटले, ते लढाईविषयी बोलत आहेत. तसे म्हणताच त्यांनी मान हलविली. "ते हुकमाचं. त्याचा जाब वरच्यांनी द्यायचा. हे घरातलं आहे." मग त्यांनी थोडक्यात हकीगत सांगितली. त्यांचा धाकटा भाऊ ऐन तिशीत वारला. त्याचे दिवस होऊन महिना लोटला नाही तोच त्याच्या विधवेचा अंगठा एका हक्कसोडपत्रावर उठला. ती बाई माहेरी गेली, पुन्हा गावात आली नाही, आणि अजून हयात होती. मठास द्यावयाच्या जमिनीत अर्धा वाटा तिचा होता.

आम्ही वकिलाचे उत्तर दिले. पत्र नोंदलेले आहे, त्यास आव्हान देण्याची मुदत कधीच उलटली आहे, उताऱ्यावर आपले एकट्याचे नाव आहे; कायद्याने आपल्याकडे कोणाचे काही निघत नाही. "कायद्यानं," एवढाच एक शब्द सुभेदार पुन्हा उच्चारून मसुदा टेबलावर ठेवून गेले.

आमचे उत्तर बरोबर होते. त्यात आजही एक अक्षर बदलावयाचे नाही. तरी ते आम्हांस डाचत आले आहे. ज्याने जगाचा त्याग केला त्याच्या मागच्या देण्याचे काय होते, हा प्रश्न विचारणारा माणूस आमच्यापुढे बसला होता, आणि आम्ही त्याला मुदतीचा कायदा ऐकविला. त्या प्रश्नाचा विचार करिताना एक परदेशस्थ मनुष्य आमच्या दृष्टीसमोर वारंवार उभा राहतो. तोही सैनिक होता. त्यानेही सर्वस्व देऊन टाकले. तोही मठाच्या दाराशी गेला. त्याचे चरित्र येथे सांगण्याचे कारण एवढेच.

लुडविग विटगेनश्टाइन हे नाव तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. भाषा व तर्क यांविषयी त्याने जे लिहिले त्याने विसाव्या शतकातील पाश्चात्त्य विचारास दोनदा वळण दिले असे मानतात. त्या शास्त्रीय भागात आम्ही शिरत नाही. तो आमचा अधिकारही नव्हे. १८८९ मध्ये व्हिएन्ना नगरीत त्याचा जन्म झाला. पिता कार्ल हा पोलादाच्या धंद्यात कुबेर झालेला. घरी ब्राम्ससारख्या संगीतकारांचा राबता. आठ भावंडांत लुडविग सर्वांत धाकटा. परंतु त्या वैभवाच्या घरावर काही विलक्षण छाया होती. त्याच्या तीन वडील भावांनी आत्मघात केला. १९१३ मध्ये पिता वारला आणि हा चोविशीचा तरुण अपार संपत्तीचा धनी झाला. त्या वेळी तो केंब्रिज येथे बर्ट्रांड रसेलजवळ तर्कशास्त्र शिकत होता.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच तो ऑस्ट्रियाच्या सैन्यात स्वेच्छेने भरती झाला. अंतर्गळाच्या विकारामुळे त्याला सक्तीच्या सेवेतून सूट होती. ती त्याने घेतली नाही. पोलंडमधील तार्नुव गावच्या एका पुस्तकाच्या दुकानात त्याला टॉलस्टॉयचे शुभवर्तमानावरील छोटे पुस्तक मिळाले. ते त्याने इतके वाचले, इतके बरोबर बाळगले, की सोबतचे शिपाई त्याला 'शुभवर्तमानवाला' म्हणू लागले. सुरक्षित जागेचे काम त्याला रुचेना. आघाडीवर पाठवा म्हणून त्याने पुनःपुन्हा विनंती केली, आणि १९१६ मध्ये रशियन सैन्यासमोर तोफखान्याच्या निरीक्षणठाण्यावर नेमणूक मिळविली. ही जागा अशी, की शत्रूचा मारा प्रथम तिच्यावरच यावा. मरणाच्या सान्निध्यात कदाचित आपणांस जीवनाचा प्रकाश दिसेल, अशी आशा त्याने आपल्या खासगी रोजनिशीत सांकेतिक लिपीत लिहून ठेवली होती. शौर्याची पदके मिळाली, अधिकारपद मिळाले. खंदक आणि रजा यांच्या दरम्यान लिहिलेला त्याचा पहिला ग्रंथ १९१८ च्या उन्हाळ्यात पुरा झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो इटालियन सैन्याच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला. मोंते कासिनोजवळच्या छावणीत त्याने एका सोबत्यास सांगितले की आपणांस खरे तर धर्मगुरू व्हावयास आवडेल. पण शिक्षक झालो तरी मुलांबरोबर शुभवर्तमान वाचता येईल.

आमच्या वाचकांस येथे गीतेचे पहिले दोन अध्याय आठवतील. तेथेही एक योद्धा, गुरुजनांस मारण्यापेक्षा भिक्षेवर जगणे बरे, असे म्हणत रथात बसला आहे. आणि भगवंतांनी त्याचे ते वैराग्य ग्राह्य धरलेले नाही. अर्जुनाला विरक्ती आली ती युद्धाआधी. विटगेनश्टाइनला ती युद्धात शिरताना होती आणि बाहेर पडताना तिने पक्के मूळ धरले होते.

१९१९ च्या ऑगस्टमध्ये तो घरी परतला. परतताच त्याने पहिले काम केले ते संपत्तीच्या त्यागाचे. हर्मिने व हेलेने या दोन बहिणी आणि पाउल हा भाऊ यांच्या नावे त्याने आपला सर्व वाटा करून दिला. पाउल हा पियानोवादक, आणि त्याचा उजवा हात युद्धात गेलेला. कोणत्याही आडवाटेने, कोणत्याही स्वरूपात, यातील एक कवडी आपल्याकडे परत येता कामा नये, यावर लुडविगचा कटाक्ष होता. दस्त करणाऱ्या नोटरीची त्या दिवशी जी तारांबळ उडाली असेल तिच्याशी आम्ही व्यवसायबंधू या नात्याने पूर्ण सहानुभूती बाळगतो. 'हा तर आर्थिक आत्मघात' अशा अर्थाचे उद्गार त्या बिचाऱ्याने काढल्याचे सांगतात. आत्मघात हा शब्द त्या घराण्यात किती जड होता, याची त्याला बहुधा कल्पना नसावी.

त्या वर्षाच्या अखेरीस हेग येथे गुरुशिष्यांची भेट झाली. रसेल हा धर्माचा टीकाकार. आपला तर्कनिष्ठ शिष्य पुरा गूढवादी झाला आहे, कीर्केगार्ड व आंगेलुस सिलेसिउस वाचतो आहे, आणि साधू होण्याचा गंभीरपणे विचार करीत आहे, असे त्याने चकित होऊन पत्रात कळविले. १९२० च्या उन्हाळ्यात व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्ग येथील मठात विटगेनश्टाइन माळ्याचा मदतनीस म्हणून राबला. तेथून तो डोंगरातील दरिद्री खेड्यांत प्राथमिक शिक्षक म्हणून गेला. वडील बहीण हर्मिने कळवळून म्हणाली, की तुझ्यासारख्याने खेडवळ पोरांना शिकविणे म्हणजे सूक्ष्म यंत्राने खोकी फोडण्यासारखे आहे. त्याचे उत्तर आम्हांस फार मार्मिक वाटते. बंद खिडकीच्या काचेतून रस्त्यावरचा माणूस वेडेवाकडे हातवारे करताना दिसतो, आतल्याला त्याचा अर्थ कळत नाही. बाहेर वादळ सुटले आहे आणि तो केवळ पायांवर उभा राहण्याची धडपड करीत आहे हे आतल्याला कोठून कळणार? अशा आशयाचे ते उत्तर होते.

शिक्षक म्हणून तो असामान्य होता यात शंका नाही. मुलांना तो रानात नेई, मेलेल्या मांजराच्या अस्थी जुळवून सांगाडा उभा करून दाखवी, त्यांच्यासाठी त्याने एक शब्दकोश रचला व तो १९२६ मध्ये प्रसिद्धही झाला. पण तो मारी. बीजगणित न उमजणाऱ्या मुलींचेही केस ओढी, कान पिळी. त्या काळी तिकडे काय आणि इकडे काय, छडी हे शिक्षणाचे अंगच मानले जाई. तरी त्याचे मारणे त्या गावांच्या मापानेसुद्धा अति होते. एप्रिल १९२६ मध्ये ओटरथाल येथील शाळेत त्याने एका अकरा वर्षांच्या, प्रकृतीने दुबळ्या मुलाच्या डोक्यावर दोनतीन तडाखे मारले आणि तो मुलगा बेशुद्ध पडला. मुलाची आई विधवा, दुसऱ्याच्या घरी राबणारी. विटगेनश्टाइनने मुलास उचलून मुख्याध्यापकाच्या खोलीत नेले, डॉक्टर बोलाविला, आणि नंतर तो गाव सोडून गेला. त्याच महिन्यात त्याने राजीनामा दिला. मे महिन्यात ग्लॉगनिट्झच्या न्यायालयात चौकशी निघाली. आरोपीच्या मानसिक स्थितीची तपासणी करविण्याचाही आदेश झाला. त्याला शिक्षा झाली नाही. परंतु त्या चौकशीत, आपण मुलांस किती मारीत असू याविषयी, तो खोटे बोलला होता.

खोटी साक्ष म्हणजे काय, हे वकिलाइतके कोणी जाणत नाही. वकिलाइतके कोणी तिला सरावलेलेही नसते. न्यायालयाचे काम निकालाबरोबर संपते. खोटे बोललेला आणि सुटलेला मनुष्य कचेरीच्या पायऱ्या उतरून घरी जातो, आणि पुढे त्याचे काय होते याची मिसल कोणी ठेवीत नाही. या माणसाची मिसल योगायोगाने उपलब्ध आहे. तो पायऱ्या उतरला आणि मठाकडे गेला.

१९२६ च्या त्या दिवसांत त्याने एका मठात, आपणांस साधू म्हणून घ्याल काय, अशी विचारणा केली. मठप्रमुखांनी त्याला परत पाठविले. आपण जे शोधीत आहात ते येथे सापडावयाचे नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. तेव्हा त्याने व्हिएन्नाच्या कडेला ह्यूटेलडॉर्फ येथे रुग्णसेवा करणाऱ्या धर्मबंधूंच्या मठात पुन्हा माळीकाम पत्करले आणि बागेतल्या अवजारांच्या खोपीत तीन महिने काढले. राजवाड्यात वाढलेला मनुष्य कुदळी-फावड्यांच्या शेजारी निजत होता.

ह्या नकाराकडे चरित्रकार ओझरता दृष्टिक्षेप टाकून पुढे जातात. आम्हांस तोच या चरित्राचा मध्यबिंदू वाटतो, आणि त्यासाठी थोडे आमच्या शास्त्राकडे वळणे अवश्य आहे.

हिंदू कायद्यात संन्यास हा नागरी मृत्यू होय. नुसती भगवी वस्त्रे परिधान केल्याने तो घडत नाही. विरजाहोमादी विधी यथाशास्त्र व्हावे लागतात, आणि ते झाले की नाही यावर न्यायालयांत पुष्कळ वाद झाले आहेत. ते झाले की मनुष्य जणू मेला: मिळकत वारसांकडे जाते, नंतर त्याला जे मिळेल त्याचा वारसा गुरुशिष्यपरंपरेने चालतो. इतके सुभेदारांनी ऐकलेले होते. पण त्याच शास्त्राने दुसऱ्या बाजूची कवाडेही बंद केली आहेत. विष्णुस्मृतीप्रमाणे ऋणको मेला अथवा प्रव्रजित झाला तर त्याचे ऋण पुत्रपौत्रांनी फेडावे. म्हणजे ऋणको जगाच्या दृष्टीने नाहीसा झाला तरी ऋण नाहीसे झाले असे स्मृतिकार मानीत नाहीत. मनूने तर तीन ऋणे फेडल्यावाचून मोक्षाकडे मन लावणाऱ्याची अधोगती होते असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या मते येथे ऋण हा शब्द केवळ यज्ञ, अध्ययन व संतती यांपुरता संकुचित करण्याचे कारण नाही. ज्याचे आपण लागतो तो देव असो, ऋषी असो, पितर असोत वा माहेरी जाऊन बसलेली भावजय असो, त्याला चुकवून वर जाण्याची वाट नाही.

हे केवळ आमच्याकडेच आहे असे नव्हे. बौद्धांच्या विनयपिटकात एक कथा आहे. मगधाच्या सीमेवर दंगा झाला तेव्हा बिंबिसार राजाचे काही नामांकित योद्धे, युद्धात आपल्या हातून पाप घडते असे म्हणून, भिक्षूंकडे गेले व त्यांनी दीक्षा घेतली. राजाने तक्रार केली, आणि बुद्धाने नियम घातला की राजसेवेत असलेल्यास प्रव्रज्या देऊ नये. ऋणकोविषयीही तसाच नियम झाला. तू ऋणमुक्त आहेस ना, राजाचा शिपाई नाहीस ना, हे प्रश्न उपसंपदेच्या विधीत अजून विचारले जातात. गोव्यातील आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या धर्मसंहितेतही हेच आढळेल. विटगेनश्टाइनच्या काळी लागू असलेल्या १९१७ च्या संहितेनुसार, गंभीर गुन्ह्याबद्दल ज्याला शिक्षेचे भय आहे त्याला मठात उमेदवार म्हणून घेता येत नसे, आणि फेडता न येणारे कर्ज ज्याच्या डोक्यावर आहे त्यालाही नाही. तिन्ही धर्मांच्या दारावर पहारा आहे, आणि पहारेकरी आत येणाऱ्याला एकच गोष्ट विचारतो: मागे काय ठेवून आलास?

या प्रश्नाचे सर्वांत दारुण उत्तर आपल्या मराठी मुलखात घडले आहे. आळंदीचे विठ्ठलपंत पत्नीला मागे ठेवून काशीस गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. परंपरा सांगते की त्यांचे गुरू पुढे यात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले असता रुक्मिणीबाईंनी त्यांस नमस्कार केला, त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि मग सारा उलगडा झाला. गुरू काशीस परतले ते शिष्याला पुन्हा गृहस्थाश्रमात धाडण्यासाठीच. पुढील कथा प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे: संन्याशाची पोरे म्हणून झालेली हेटाळणी, ब्रह्मवृंदाने सांगितलेले देहान्त प्रायश्चित्त, मातापित्यांचा जलसमाधीने शेवट, आणि मागे राहिलेली चार लेकरे. ब्रह्मवृंदाच्या त्या निर्णयाविषयी आमच्या मनात आदर नाही, हे स्पष्टच सांगितलेले बरे. त्या पंडितांना ग्रंथ दिसला, दारात उभी असलेली मुले दिसली नाहीत. पण गुरूने जे केले ते निराळ्या जातीचे होते. आपणच दिलेली दीक्षा परत घेणे यात गुरूच्या अधिकाराला केवढा कमीपणा! तो त्याने सोसला, कारण एका स्त्रीचे देणे त्याला आपल्या दीक्षेहून मोठे वाटले.

व्हिएन्नाच्या मठप्रमुखांचा नकार आम्ही याच जातीचा समजतो. मठात त्या दुःखी माणसास काय मिळाले असते? शांती, नियमबद्ध दिवस, नवे नाव, आज्ञाधारकपणाचे सुख. सैनिकाला हे सारे ओळखीचे वाटते: घंटेबरोबर उठणे, एक वेष, वरिष्ठाची आज्ञा, स्वतःचे असे काही नसणे. आमच्या अल्प अनुभवाप्रमाणे निवृत्त शिपायास मठ आवडतो तो पुष्कळदा याच कारणाने. पण ओटरथालच्या मुलांना त्यातून काय मिळाले असते? काहीही नाही. त्यांच्यापुरता त्यांचा मास्तर एका पळवाटेने नाहीसा झाला होता. मठात गेल्याने ती पळवाट पवित्र झाली असती, इतकेच. संपत्तीच्या त्यागाचेही तसेच आहे. कोट्यवधींचे द्रव्य एका सहीने देता येते, कारण ते ज्यांना दिले त्यांचे आपण काही लागत नसतो. ज्याचे लागतो त्याच्या दारी जाणे हा निराळाच व्यवहार आहे.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो क्षुल्लक नाही. प्रत्येकाने सर्व देणी चुकवूनच यावे असे म्हटले तर मठात कोण जाऊ शकेल? अंगुलिमालासारख्या दरोडेखोराला बुद्धाने भिक्षू केलेच ना? वाल्याचा वाल्मीकी झालाच ना? खरे आहे. मात्र अंगुलिमालाची कथा पुढे वाचली पाहिजे. भिक्षा मागण्यास तो त्याच श्रावस्तीच्या रस्त्यांवर जातो, लोक त्याला धोंडे मारतात, आणि डोके फुटलेला तो परत येतो तेव्हा बुद्ध त्याला सहन कर म्हणतात. भिक्षू झाल्याने त्याचे दगड चुकले नाहीत. असा मठ असेल, जो मनुष्याला त्याने ज्यांस दुखविले त्यांच्याच गल्लीत भिक्षेला पाठवितो, तर त्याच्या दारावरचा पहारा ढिला झाला तरी आमची तक्रार नाही.

असो. मठातून परतलेल्या विटगेनश्टाइनने बहीण मार्गारेटेसाठी एक घर बांधण्याच्या कामात दोन वर्षे घालविली. त्या काळात तत्त्वज्ञांच्या एका मंडळाशी त्याच्या बैठकी होत, आणि तर्कशास्त्राची चर्चा ऐकण्यास उत्सुक अशा त्या विद्वानांकडे पाठ फिरवून तो कधी कधी रवींद्रनाथ ठाकुरांच्या कविता वाचून दाखवी. १९२९ मध्ये तो केंब्रिजला परतला. कीर्ती वाढली. १९२६ चे ते प्रकरण आता कोणाच्या स्मरणात नव्हते. आमच्या भाषेत सांगावयाचे तर मुदतबाह्य झाले होते.

१९३६ च्या अखेरीस त्याने एक लेखी कबुलीजबाब तयार केला आणि आप्तेष्टांस कळविला. पुढे केंब्रिजमध्ये एकेका मित्रास गाठून तो तोंडाने ऐकविला. ऐकणाऱ्यांची अवस्था अवघड होई. एका तरुण मित्राला त्याने हे सारे उपाहारगृहात, शेजारच्या मेजांवर ऐकू जाईल अशा मोठ्या स्वरात सांगितले. फान्या पास्कल या रशियन भाषेच्या शिक्षिकेने त्रासून विचारले, तुम्हाला काय परिपूर्ण व्हायचे आहे? अर्थातच व्हायचे आहे, असे तो उसळून म्हणाला. त्या कबुलीतल्या ज्या गोष्टी ऐकणाऱ्यांनी नमूद करून ठेवल्या त्या दोन: आपल्या ज्यू वंशाचा अंश आहे त्याहून कमी असल्याचा लोकांचा समज त्याने होऊ दिला होता, आणि शाळेत एका लहान मुलीस मारून, तिने तक्रार केली असता, आपण मारलेच नाही असे त्याने मुख्याध्यापकास सांगितले होते.

या यादीत युद्ध नाही, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ दिवस कोड्यात टाकीत होती. ज्याच्या निरीक्षणावरून तोफा डागल्या जात त्या माणसाच्या मनावर सुमारे वीस वर्षांनंतरही ओझे आहे ते एका पोरीला मारल्याचे व ते नाकारल्याचे! पण सुभेदारांचे शब्द आठवले म्हणजे उकल होते. ते हुकमाचं, हे घरातलं. हे वर्गीकरण नीतिशास्त्राच्या कसोटीस कितपत उतरेल याविषयी आम्ही साशंक आहो. हुकमाने मेलेल्या शत्रूलाही घर असतेच. तथापि अनुभव असा दिसतो की ज्याचा चेहरा आपण ओळखतो आणि ज्याच्याविषयी आपण खोटे बोललो, त्याचेच देणे माणसाला रात्री जागे ठेविते. मनूने प्रायश्चित्ताची साधने सांगताना तप व अध्ययन यांच्याही आधी ख्यापन, म्हणजे केलेले उघड सांगणे, आणि अनुताप यांचा उल्लेख केला आहे. त्या क्रमाकडे आम्ही एवढी वर्षे पाठांतराच्या सोयीची रचना म्हणून पाहत होतो.

सुभेदार आमच्याकडे परत आले नाहीत. दोन वर्षांनी कळले की ते गावीच वारले. दानपत्राचा मसुदा सहीविना आमच्या कपाटात आहे. ते भावजयीच्या माहेरी गेले होते किंवा कसे, हे गावात कोणास विचारण्याचा अधिकार आम्ही त्या दिवशीच्या उत्तराने गमावला होता.

विटगेनश्टाइन मात्र गेला. दहा वर्षांनी, कोणी बोलाविले नसता, तो ओटरथालला पोहोचला आणि ज्या मुलांना त्याने मारले होते त्यांच्या दारोदार जाऊन त्याने क्षमा मागितली. गाव थक्क झाले. ज्याच्यापासून न्यायालयापर्यंतची पाळी आली तो दुबळा मुलगा कोवळ्या वयातच आजाराने दगावला होता. त्याचे देणे देण्यास जागा उरली नव्हती. निदान चार जणांकडे तो गेला. काहींनी मोठ्या मनाने, झाले गेले विसरून, त्याची क्षमायाचना स्वीकारली. त्यानंतर तो एका शेतकऱ्याच्या घरी आला. या शेतकऱ्यानेच १९२६ मध्ये त्याच्याविरुद्ध तक्रारीचा पुढाकार घेतला होता, आणि त्याच्या मुलीचे कान व केस विटगेनश्टाइनने एके काळी इतके ओढले होते की रक्त यावे, केस हातात यावेत. ती मुलगी आता मोठी झाली होती. युरोपातील एक विख्यात तत्त्ववेत्ता तिच्यापुढे उभा राहून आपला अपराध सांगत होता. तिने ते ऐकून घेतले आणि तुच्छतेने एवढेच म्हटले,

"हो, हो."